अवकाशात दिवस किती वाजता मावळतो?

कारंजा गावात अंतराळाबद्दल अधिकारवाणीनं बोलणारं एकच माणूस आहे आणि ते आमच्या गल्लीत राहतं. पानाबाई. वय सत्तरीच्या पलीकडे, गुडघे कुरकुरतात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सकाळी जैन मंदिरात जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी नाही, आणि दिवस मावळला की पुन्हा पाणी नाही. शाळा चौथीपर्यंत. पण ‘ध्रुवयान’ मालिकेत कोणतं यान कोणाच्या चुकीनं कुठं आदळलं, हे विचारायचं तर त्यांनाच.

हा नाद लावला नातवानं. पियूष पुण्याला शिकतो. एका दिवाळीत आला, टीव्हीवर ‘ध्रुवयान’ लावून सुट्टीभर लोळला आणि तसंच चालू ठेवून निघून गेला. मालिका परदेशी, पण हिंदीत बोलते. बंद कसं करायचं हे पानाबाईंना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी पाहिली. पहिला सीझन संपला तेव्हा बंद करता येत होतं, पण करायचं नव्हतं. सीझनला त्या अध्याय म्हणतात.

मी समोरच्या घरात ब्लाउज शिवते. निता म्हणतात मला. मला टीव्हीसमोर बसायला सवड नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. दुपारी पाहिलेला भाग पानाबाई रात्री आठच्या सुमारास ओट्यावर बसून सांगतात. ऐकायला मी आणि शेजारची हलिमा. हलिमाच्या नवऱ्याचं, युसूफभाईचं, गाद्या-रजयांचं दुकान आहे. ती भाग आधीच मोबाइलवर पाहून येते आणि तरी ऐकायला बसते, कारण पानाबाईंचं ‘ध्रुवयान’ मूळच्यापेक्षा चांगलं आहे.

“कप्तान म्हणे, यान मांगं फिरवा. ते पोट्टं म्हणे, फिरवत नाई. अन् बाहीर पाह्यते त काय, दगडच दगड. आपल्या शेलूबाजारच्या रोडवर गिट्टी टाकून ठेवते ना, तशी.” आता यात आमच्यासारख्यांना न कळण्यासारखं काय आहे?

मालिकेत पानाबाईंचं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे यानावरची डॉक्टर, सेलीन. पानाबाईंची डॉक्टरीणबाई. यानात रोज एका ठरावीक वेळी दिवे मंद होतात आणि घोषणा होते, “रोशनी मद्धम की जा रही है.” घोषणा झाली की डॉक्टरीणबाई जेवत असली तरी डब्याला झाकण लावते आणि उठते. का, ते कुठंच सांगितलेलं नाही. रुग्ण पाहायची वेळ होत असावी. पानाबाईंनी मात्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं.

“चौविहार पाळते ते बाई,” त्या म्हणाल्या. “दिवस मावळला की अन्न नाई, पाणी नाई. सांगत नाई कोनाले, पण पाळते.”

हलिमानं शंका काढली. “पर बाई, वहां तो सूरजच नाई. मंग दिवस मावळते कधी?”

प्रश्न रास्त होता. तेव्हा नुकतेच मागच्या खोलीतून येऊन आतल्या झोपाळ्यावर आडवे झालेले कैलासचंद काकाजी, म्हणजे पानाबाईंचे यजमान, डोळे न उघडता म्हणाले, “दिवा मंद केला की सांज समजा. तिथं देव नाई मावळवत, कंपनी मावळवते.” निकाल लागला. तेव्हापासून आमच्या ओट्यावर डॉक्टर सेलीन ही चौविहार पाळणारी बाई ठरली, आणि तिच्यापुढं कप्तानाचीही किंमत राहिली नाही.

आता काकाजींबद्दल सांगायला हवं. धान्याची आडत आयुष्यभर केली, आता मुलगा पारस बघतो. काकाजींनीही जन्मभर चौविहार पाळला. पण साखर वाढली, इंजेक्शन सुरू झालं, आणि मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी सांजेला साखर एकदम उतरून ते न्हाणीपाशी कोसळले. डॉक्टरांनी बजावलं, रात्री आठला काहीतरी खाल्लंच पाहिजे. मंदिरात आलेल्या महाराजांनीही सांगितलं, औषधापुरतं चालेल. पानाबाई मान्य आहे म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

पण त्या घराचा एक नियम त्यांच्या सासूच्या सासूपासूनचा आहे. दिवस मावळला की स्वयंपाकघरात जाळ नाही. जाळावर किडामुंगी येते, जीव जातो. पारस आणि सून टीना बाहेर काय खातात ते खातात, घरात मात्र सांजेनंतर गॅस पेटत नाही. म्हणून काकाजींची खिचडी चार वाजता होते, झाकून ठेवतात, आणि आठला ते मागच्या खोलीत एकटेच बसून ती थंडगार खिचडी खातात. दिवासुद्धा लहानच लावतात. चोरी केल्यासारखं वाटतं त्यांना. टीना एकदा म्हणाली होती, गरम करून देतो. तर तिला म्हणाले, “राहू दे. तिच्या मनाले लागंल.”

आणि ते जेवत असताना पानाबाई आत थांबत नाहीत. बाहेर ओट्यावर येऊन आम्हाला अंतराळ सांगतात. आठची वेळ ही अशी ठरली. मला हे कळलं तेव्हापासून त्या कथेची मजा थोडी कमी झाली, हे कबूल करते. पन्नास वर्षांचा संसार, आणि माणसानं आजारपणातला घास असा भिंतीकडे तोंड करून गिळायचा? पण सांगणार कोण? पानाबाईंना काही सांगायचं म्हणजे वाघाला दात घासायला सांगण्यासारखं.

अशात चौथा सीझन आला.

लेखक बदलले होते म्हणे. पहिल्याच आठवड्यात पियूषचा फोन. “आजी, वाट लावली पुरी. म्होरचे भाग पाहू नको.” त्याच्या खोलीतले दोघं म्हणत होते की हा सगळ्यात चांगला सीझन आहे, आणि त्यावरून त्या तिघांचा चहा वेगवेगळा होऊ लागला होता. इकडे पारस नाराज, कारण लढायाच नाहीत. “नुसते बसून बोलून राह्यले. बोलणं आयकाले दुकान हाये ना मले.” टीनाला मात्र फार आवडला, दोनदा रडली. हलिमालाही पसंत, पण तिचं कारण न्यारं. “पयले तीन सीझन यानात भांडे कोन घासते तेच नाई दाखवलं. या टायमाले दाखवलं.” मी तर न पाहताच नाराज होते, कारण माझी सगळी ओळख जुन्या कप्तानाशी आणि त्याला दुसऱ्या भागात घरी पाठवलं होतं.

पानाबाई दोन भाग तटस्थ होत्या. तिसऱ्या भागाच्या दिवशी त्या ओट्यावर आल्या, पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, “कथा बंद.”

“काहून?” मी विचारलं.

“डॉक्टरीणबाईनं रात्री खाल्लं.” आवाज असा, जसं कोणी घर सोडून गेलं. “दिवे मंद झाले, ते घोषणावाली बया बोलली, अन् हिनं वाटी घेतली. म्या टीव्हीच बंद केला. तीन अध्याय पाळलं अन् चौथ्यात सोडलं. लेखक बदलला म्हून काय माणसाचा नेम बदलते?”

हलिमा म्हणाली, “अवो बाई, रोजा असंन तिचा. आमी दिवसभर उपाशी राहतो अन् सांजेला मगरिबच्या नमाजची अजान झाल्यावरच खातो. तवा त खाणंच सवाब, पुण्य.”

“तीन अध्याय रोजा नव्हता, आताच कुठून आला?”

“इंसान सुधरता है,” हलिमा म्हणाली.

हे बोलणं पानाबाईंना झोंबलं. त्या रात्री कथा झाली नाही. पुढच्या रात्रीही नाही. पानाबाई आठला बाहेर यायच्या, रस्त्याकडे तोंड करून बसायच्या, जाणाऱ्या मोटारसायकली बघायच्या. कथा बंद, पण बसणं चालू. आत झोपाळा रिकामा आणि मागच्या खोलीतून वाटीला चमचा लागल्याचा आवाज. आधी कथेच्या गडबडीत तो ऐकू येत नसे. आता येऊ लागला आणि मला तो सहन होईना.

शेवटी मी तो तिसरा भाग टीनाच्या मोबाइलवर पाहिला. शिलाई बाजूला ठेवून, पूर्ण. पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ पानाबाईंकडे गेले. हलिमालाही ओढून नेलं.

“काकू, तुमी अर्धंच पाह्यलं. पुढं पाहा.”

“मले नाई पाह्यचं.”

“तुमी तिच्यावर आळ घेऊन राह्यल्या. अर्धं पाहून आळ घेनं हे तुमच्या धर्मात बसते का?”

हे वाक्य मी रात्रभर तयार केलं होतं. पानाबाईंनी रिमोट माझ्याकडे दिला.

भाग असा होता. यानावर एक म्हातारा खलाशी आहे, साऱ्या वाटा तोंडपाठ असलेला. त्याला काहीतरी आजार झालाय, औषध घेतल्यावर रात्री खावं लागतं. पण यानात दिवे मंद झाल्यावर भोजनकक्षात कोणी नसतं. एवढ्या मोठ्या रिकाम्या खोलीत एकट्यानं बसायची त्याला लाज वाटते, म्हणून तो खातच नाही आणि खाल्लं म्हणून सांगतो. डॉक्टरीणबाईच्या हे लक्षात येतं. मग ती एक वाटी त्याच्यासमोर ठेवते, एक स्वतः घेते आणि बाकावर त्याच्या शेजारी बसते. चमचा उचलते. पानाबाईंनी टीव्ही बंद केला होता तो तिनं वाटी घेतली तिथंच. पुढं म्हातारा हसतो, जेवू लागतो, आणि चित्र यानाबाहेर जातं.

“पाहा,” मी म्हटलं. “खाल्लं कुठं? चमचा नुसता उचलला.”

“गया अंदर,” हलिमा म्हणाली.

“मांगं घे वं,” पानाबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

मागं घेतलं. थांबवलं. पुन्हा पुढं नेलं. चमचा ओठांपाशी येतो आणि बरोबर तेव्हाच म्हाताऱ्याचं डोकं आडवं येतं. हलिमा टीव्हीला नाक लावून बसली आणि म्हणाली की गळ्याची हालचाल दिसते. मी म्हटलं की ती बोलतेय म्हणून दिसते. पानाबाईंनी ओढणीवाल्या हलिमाला बाजूला सारून स्वतः पाहिलं. चांगल्या जाणत्या तीन बाया, आणि एका गोऱ्या बाईनं घास गिळला की नाही यावर हमरीतुमरीवर आलो. पानाबाईंनी निर्णय दिला, “नाई खाल्लं. संगत म्हून बसली फक्त. नेम हाये तिचा.”

“खाल्लं,” हलिमा म्हणाली. “अन् खाल्लं त खाल्लं. बुढ्याचं पेट भरलं ना.”

झोपाळ्याची कडी कुरकुरली. काकाजी जागे होते हे आम्ही विसरलोच होतो. ते उठून बसले होते आणि थांबलेल्या चित्राकडे बघत होते. त्यात डॉक्टर नव्हती, फक्त म्हातारा आणि त्याची वाटी.

“वाफ निघून राह्यली त्याच्या वाटीतून,” ते म्हणाले.

एवढंच. तक्रार नव्हती त्यात, टोमणा तर मुळीच नाही. लहान मूल दुसऱ्याच्या हातातलं काहीतरी पाहून बोलतं तसं ते बोलले आणि पुन्हा आडवे झाले. मला एकदम रडू आलं. हलिमा उगाच ओढणी नीट करू लागली. पानाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, झोपाळ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, “बंद कर आता. लाइट बिल येते.”

त्या रात्री आठला मी आणि हलिमा ओट्यावर येऊन बसलो. पानाबाई आल्या नाहीत. सोयाबीनचे ट्रॅक्टर मोंढ्याकडे गेले, धूळ बसली, तरी आल्या नाहीत. वाटलं, जास्तच बोललो आपण, धर्म काढायला नको होता. हलिमा म्हणाली, “चल, माफी मांगून घेऊ.” आम्ही दारातून आत गेलो.

झोपाळा रिकामा होता. आत स्वयंपाकघरात दिवा लागलेला, मोठा. टीना उंबऱ्याशी उभी होती, तिनं आम्हाला हातानंच थांबवलं. गॅस पेटला होता. पानाबाईंनी ज्योत अगदी बारीक केली होती, किडे तिकडे जावेत म्हणून वरचा दिवा खिडकीकडे वळवला होता, आणि तरी प्रत्येक क्षणी वाकून ज्योतीभोवती बघत होत्या. ओठ पुटपुटत होते. नवकार मंत्र म्हणत असाव्यात. पातेल्यातल्या खिचडीला कढ आला तसा त्यांनी गॅस बंद केला आणि पदरानं डोळे पुसले. धूर काही नव्हता.

काकाजी पाटावर बसले होते. तोंड भिंतीकडे नव्हतं. पानाबाईंनी वाढलं आणि स्वतः समोर बसल्या. स्वतःपुढं वाटी नाही, पाण्याचा पेला नाही. घर बांधल्यापासून त्या खोलीत या वेळी कोणी अन्नासमोर बसलं नसेल.

काकाजींनी घास घेतला आणि एकदम तोंड उघडून हा-हू करू लागले. जीभ पोळली. गरम खायची सवयच गेली होती. डोळ्यांत पाणी आलं, पोळल्याचं की कशाचं ते त्यांनाच माहीत, आणि तरी घाईघाईनं दुसरा घास उचलला, कोणी उठून जाईल की काय अशा भीतीनं.

पानाबाईंनी हात पुढं करून त्यांचा चमचा धरला.

“हळू खा ना,” त्या म्हणाल्या. “कायची घाई हाये? मी कुठी नाई जात.”