गिळूकाकांचा आवंढा

गिळूकाकांचं खरं नाव डबिंग स्टुडिओत कुणाच्या तोंडी नव्हतं. अंतराळातल्या एका लांबलचक मालिकेत ते तारेगिळ्याचा आवाज देत. तारेगिळ्या म्हणजे खलनायकांचा बाप. भूक लागली की अख्खा तारा गिळायचा आणि हरायची वेळ आली की दुसऱ्याच्या शरीरात घुसायचा. घरी मात्र काका मांजरालाही "जरा सरकतेस का गं?" असं विचारणारे गृहस्थ. राणीचा आवाज देणारी ताई त्यांच्याच शेजारच्या माइकवर शिकून तयार झाली होती, आणि तिच्या मते असा दुष्ट माणूस पुन्हा होणे नाही.

मालिकेत प्रत्येक खलनायकाच्या डोक्यावर त्याच्या शक्तीची पातळी झळकायची. पातळी चढली की बाकीचे कलाकार आवाज चढवायचे. पाचवीपर्यंत त्यांचे घसे बसायचे, सहावीला ते कोमट पाण्याचा पेला घेऊन कोपऱ्यात. काकांचं सगळं उलटं. पातळी वर गेली की आवाज खाली. ताई चढ्या आवाजात गेली, की ते बोलता बोलता तळहात हवेत हळूच खाली दाबत.

"ज्याच्या अंगात जोर नाही तो ओरडतो," ते म्हणत. "याला कुणाला घाबरवायचंच नाहीये. याला भूक लागलीय, बस."

शरीर बदललं की काय करायचं, त्याचीही पद्धत काकांनीच पाडली. ज्याचं शरीर त्याचाच आवाज. तारेगिळ्या सेनापतीत शिरला तर बोलणार सेनापतीचाच कलाकार. पण वाक्याआधी आवंढा गिळल्याचा आवाज यायचा, तो काकांचा. शेजारी स्टुलावर बसून ते माइकमध्ये तेवढाच आवंढा गिळत. तो ऐकला की घराघरांत पोरं आईच्या मागे लपत. सेनापती संपला, आत दुसराच बसलाय, हे त्यांना बरोबर कळे.

गंमत म्हणजे तो आवंढा पहिल्या दिवशी निव्वळ भीतीने आला होता. आयुष्यातलं पहिलं मोठं काम, समोर माइक, घशाला कोरड. दिग्दर्शकाला वाटलं, काय क्रूर कल्पना आहे, असू दे. काका गप्प बसले. ताईला त्यांनी हे सांगितलं ते कितीतरी वर्षांनी, तेही तिचा एक प्रवेश पार फसला आणि ती हिरमुसून बसली होती तेव्हा.

शेवटच्या पर्वात तारेगिळ्या नवव्या पातळीवर पोचून राणीच्याच शरीरात शिरणार होता. नेमकी तेव्हाच काकांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी एक सकाळ स्टुडिओत बसून राणीसाठी लागतील तेवढे आवंढे गिळून ठेवले. "राणीसाहेब, तुमची शिदोरी भरून ठेवलीय," जाताना म्हणाले. राणीसाहेब म्हणणारे ते एकटेच. त्यांच्या आवाजात ताईने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी फाइल उघडली तर आत चिडीचूप. रेकॉर्डिस्ट नवा होता आणि कामाचा पक्का. ओठांची चपचप, जिभेची टकटक, आवंढे, हे सगळं त्याच्या लेखी कचरा. त्याने मूळ फाइलच झाडून पुसून लख्ख करून टाकली होती. जुन्या भागांतले आवंढे संगीताखाली दबलेले, ते वेगळे निघेनात. त्या बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"आवंढाच तर आहे," निर्माता म्हणाला. "मी गिळतो."

ताईचं डोकंच फिरलं. ती पर्स उचलून तडक काकांच्या घरी गेली.

काका खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती मफलर. आता ते हातवारे करत आणि काकू त्यांचं डबिंग करत. ताईने सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडली. काकांचे खांदे गदगदायला लागले. हसत होते.

"ते म्हणतायत, त्याला ओरडू नका, त्याने काम चोख केलंय," काकू म्हणाल्या. "आणि चहा घे. चहाचं मी म्हणतेय."

मग काकांनी स्वतःच्या घशाकडे बोट केलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली. काकांनी पुन्हा बोट केलं.

"आत्ता कुठे घोट घोट पाणी सुरू केलंय," काकू ताईला म्हणाल्या. "निम्मं बाहेर येतं गं. आयुष्यभर ज्या खोलीत मान मिळाला, तिथे चार माणसांसमोर हनुवटीवरून पाणी गळलं तर यांच्या जिवाला काय वाटेल? मी नाही पाठवायची."

काकांनी तळहात हवेत हळूच खाली दाबला. आवाज खाली. काकूंनी त्या हाताकडे बघितलं आणि उठून त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर बसले, काकू शेजारी पेला आणि टॉवेल घेऊन. पडद्यावर राणीचे डोळे काळे झाले, डोक्यावर नववी पातळी झळकली. काकांनी घोट घेतला. पाणी सांडलं. काकूंनी पुसलं. पुन्हा घोट, पुन्हा सांडलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. काकांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, आणि ताईला कळलं की ते घाबरलेत, अगदी पहिल्या दिवसासारखे. तिला त्यांचा इतका अभिमान वाटला की स्वतःचं वाक्य आठवेना.

काकांनी पेला बाजूला सारला आणि नुसतेच माइककडे झुकले. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आवंढा गेला. जड, खरखरीत, आधीच्या एकाही आवंढ्यासारखा नव्हे. तारेगिळ्याने खरोखरच शरीर बदललं होतं.

ताई बोलली, जेमतेम ओठांबाहेर पडेल इतक्या हळू. "आता मी इथेच राहणार."

रेकॉर्डिस्टने फाइल जपून ठेवली, आणि तिला हात लावला नाही. काकांनी ताईकडे बघून हात हलवला. सगळे काकूंकडे वळले. काकू टॉवेलची घडी घालत होत्या. त्यांनी आधी आवंढा गिळला.

"छान झालं, राणीसाहेब," त्या म्हणाल्या.