तपकिरी खूण ओळखणाऱ्या आक्काताई

आष्ट्याच्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी नवं पाकीट आलं, की आधी ते आक्काताईंकडं जायचं. बिस्कीट असो की केक, आक्काताई चष्मा पुसून मागची बाजू बघणार. हिरवा ठिपका असला तर "खावा", तपकिरी खूण दिसली तर पाकीट परत. साठ वर्षं त्या दिवस मावळल्यावर जेवल्या नाहीत, की कांदा-बटाट्याला शिवल्या नाहीत. आम्ही जैन बायकाच त्यांची चेष्टा करायचो, पण त्यांना विचारल्याशिवाय पाकीट फोडत नव्हतो.

एकाच माणसाच्या हातचं त्या न बघता घ्यायच्या, त्यांच्या मुलाच्या. जिनेंद्रचं चौकात औषधाचं दुकान आहे. गेल्या वर्षी आक्काताईंच्या लिव्हरला चरबी निघाली, तेव्हा त्यानं रोजची एक कॅप्सूल सुरू केली. त्रिफळ्याच्या रिकाम्या बरणीत भरून आणायचा. "अमायनो अ‍ॅसिडची हाय, अँटिऑक्सिडंट, लिव्हरला लय चांगली," हे त्या पाठ केल्यासारखं सगळ्यांना सांगायच्या. सूर्यास्ताआधी, गाळलेल्या पाण्याबरोबर, सात महिने त्यांनी ती घेतली.

श्रावणात माझाही रिपोर्ट तसाच आला. जिनेंद्रच्याच दुकानातून मी तसली कॅप्सूल मागितली. गल्ल्यावर नवा माणूस होता, त्यानं खोकं दिलं. सवयीनं मी ते आक्काताईंकडं नेलं.

त्यांनी ते उलटं केलं. "विजयमाला, ही न्हाई चालायची. तपकिरी हाय. ह्येची टोपणं जनावराच्या हाडाकातड्याची असत्यात." मग सहज खोकं उघडलं. अर्धी पांढरी, अर्धी पिवळी, वर बारीक निळे आकडे. त्या उठून आपली बरणी घेऊन आल्या आणि दोन्ही कॅप्सूल तळहातावर शेजारी ठेवल्या. आकडेही तेच होते.

मला तिथं बसवेना, पण उठून जाताही येईना. खोकं मीच नेलं होतं.

जिनेंद्र दुपारी जेवायला आला. आक्काताईंनी तळहात पुढं केला तसा त्याचा चेहरा उतरला.

"शाकाहारी टोपणाची मिळत न्हाई व्हय रं?"

"मिळती. मागवायला आठ दिस लागत्यात. पयल्या संपल्या की बदलायच्या म्हटलं, मग ऱ्हाऊन गेलं. पन आई, रिपोर्ट बघ की किती सुधारलाय."

"आठ दिस मी थांबले नसते व्हय? मला इचारायचं हुतंस."

मला तर त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. विसरलेला माणूस खोकं फेकून दर महिन्याला बरणी भरत बसत नाही.

आक्काताई ओरडल्या नाहीत. चातुर्मासाला गावात आलेल्या साध्वी माताजींकडून प्रायश्चित्त घेतलं, पाच उपवास केले. पोराशी अबोलाही धरला नाही. मला वाटलं, मिटलं.

परवा मी तिथं बसले असताना जिनेंद्र चहाची पूड घेऊन आला. आक्काताईंनी पाकीट घेतलं, चष्मा पुसला आणि ते उलटं केलं. हिरवा ठिपका होता. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या. जिनेंद्र समोरच उभा होता.