साडूंचा कोडेक

माणसाचा अंत पाहणारे नातेवाईक जगात पुष्कळ असतील, पण व्हिडिओची साधी फाइल मागितल्यावर आधी आपलीच शिकवणी घेणारे फक्त आमचे साडू. प्रताप नगरात राहतात. भर मे महिन्यात त्यांच्या घरी कूलरचं तोंड संगणकाकडे असतं. पाहुण्यांनी घाम पुसत बसायचं. वर ऐकवतात, "तुम्हाले सरबत देता येते, त्याले देता येते का?" लग्नात शूटिंगवाल्याला गाठून विचारतात, "कोणत्या कोडेकमध्ये देऊन राहिला गा?" तो बिचारा "एमपीफोर" म्हणाला की हातातली जिलबी खाली ठेवून त्याला फैलावर घेतात. "एमपीफोर हा डबा झाला! आत भाजी कोणती, ते सांग. चित्र दाबून बसवायची रीत म्हणजे कोडेक!" तोवर नवरा-नवरी स्टेजवर ताटकळलेली.

माझ्या मुलीला नृत्य शिकायला बाहेरगावच्या एका संस्थेत प्रवेश हवा होता. नाचाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर चढवायचा, आणि फाइल अवाढव्य. नाइलाजानं मुलीला घेऊन सकाळीच साडूंकडे गेलो.

"एव्हीवनमध्ये करू. नवा कोडेक. फाइल एवढीशी, अन् पायातलं एकेक घुंगरू दिसते!"

संगणक मात्र जुनाच. जेवणं झाली, चहा झाला, तरी काम अर्ध्यावर.

"अहो, जुन्या पद्धतीनं करा ना!"

"काहून घाई करून राहिले भाऊ? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

मी दुसरं काय म्हणत होतो?

अखेर फाइल तयार झाली, आणि वेबसाइटनं ती सरळ नाकारली. डबा चालत होता; आतला नवा कोडेक तिला वाचता येत नव्हता. मुलगी रडू लागली. मी तोंड सोडणार, तेवढ्यात साडूंकडे लक्ष गेलं. चेहरा पार उतरला होता. ज्याला जुनाट म्हणून हिणवायचे, तो एच टू सिक्स्टी फोर कोडेक त्यांनी मुकाट्यानं निवडला. मुदत संपता संपता फाइल चढली.

"थोडं धूसर दिसते वं बाई," ते मुलीला म्हणाले. "माफ कर मले."

प्रवेश मिळाला, ती गेली. आता दर रविवारी साडू येतात आणि बसायच्या आधी विचारतात, "पोरीचा नवा व्हिडिओ आला का?" मी फोन पुढे करतो. या फोनवरून त्या फोनवर जाताना दर वेळी आणखी दाबला गेलेला, चेहराही धड न दिसणारा नाच. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी सावरून बसतो. ते चष्मा पुसतात, फोन डोळ्यांजवळ नेतात, शेवटपर्यंत पाहतात आणि हळूच म्हणतात, "पुन्हा लावा बरं."