अर्ध्या वाट्याचा केक

पहाटे भट्टीतून पाव निघाले की सलीमाचा दिवस सुरू व्हायचा. तो संपायचा कधी, असं कुणी विचारलं असतं तर तिनं आधी बसायला जागा मागितली असती. पण विचारणार कोण? गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात, पाव ताजे आहेत का आणि खारी कालची तर नाही ना.

नांदुऱ्याच्या स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्याला त्यांची बेकरी. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई आणि दुपारी क्रीमरोल. चाळीस वर्षं भट्टीपुढं तिचा नवरा निजाम उभा राहिला. आता तिथं मुलगा तौसिफ उभा राहतो, गल्ला आणि बाकीची सगळी उस्तवार सलीमाकडे, आणि निजाम बाहेर ओट्यावरच्या लाकडी बाकावर बसून असतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं त्याला सावलीसारखी दिसत आणि आवाजावरून ओळखू येत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो अधूनमधून भट्टीकडे जायचाच. एकदा गार टेबल समजून त्यानं तापलेल्या ट्रेवर तळहात टेकवला. त्या दिवसापासून सलीमानं त्याचं आत येणं बंद केलं.

खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं आहे, पण रक्तात साखर इतकी असताना डोळ्याला हात लावणार नाही. दोनशेच्या खाली आणा, मग या. तीन वेळा गेले. तीनही वेळा तेच, पहाटेची एसटी, उपाशीपोटी रांग, दंडातून रक्त, आणि अडीचशेच्या आसपासचा आकडा घेऊन परत. तिसऱ्या वेळी डॉक्टर जरा चिडले. डोळ्याचा मागचा पडदाही खराब व्हायला लागलाय, म्हणाले. असेच अजून सहा महिने काढले तर ऑपरेशन करूनही उपयोग होणार नाही. परतीच्या एसटीत निजाम खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर काय दिसत होतं त्याला कोण जाणे. सलीमाला तेव्हा त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला, आणि नांदुरा येईपर्यंत तिला झोप लागली.

गोळ्या चालूच होत्या. साखर बंद केली, भात बंद, बटाटा बंद, आणि मैदा तर सगळ्यात आधी बंद. ज्याच्या हातचा पाव खाऊन अर्धं गाव मोठं झालं, त्यालाच पाव वर्ज्य. निजाम तक्रार करत नसे. फक्त जेवण हळूहळू कमी करत गेला, आणि चार वाजता क्रीमरोल भरून तयार झाले की नाक वर करून बाकावर ताठ बसायचा.

जळगावला दिलेली मुलगी फलक, तिनं फोनवर उपाय सांगितला. एका कपाचा केक. मैदा नाही, साखर नाही. दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, एक चमचा दळलेलं जवस, एक अंडं, चमचाभर लोणी, चिमूटभर बेकिंग पावडर आणि गोडीसाठी शुगरवाल्यांची ती पांढरी पूड. सगळं कपातच फेटायचं. तिच्याकडे मायक्रोवेव्हच्या मशीनमध्ये दोन मिनिटांत होतो म्हणे. तिच्या सासऱ्यांना ती तोच देते.

सलीमाला आधी हसू आलं. एका माणसाचा केक! त्यांच्याकडे अंडी ट्रेनं फुटत आणि मैदा पोत्यानं उपसला जाई. चमचा हे बेकरीतलं मापच नव्हे. पण तिनं करून बघितला. मशीन नव्हतं, भट्टी होती. क्रीमरोलचे शेवटचे कोन निघाले की भट्टी उतरायला लागते. त्या उतरत्या आचेवर कान तुटलेला चिनी कप दहा मिनिटं ठेवला की केक कपाच्या काठाशी येऊन थांबायचा. पहिल्या दिवशी तो फुगलेला बघून तिला बरं वाटलं. निजामनं बाकावर बसून खाल्ला आणि कप परत करताना म्हणाला, "झकास."

एक गोष्ट मात्र राहून गेली. बेकरीत चव घ्यायची पद्धत ठरलेली असते. ताज्या घाण्यातला एक नग तोडायचा, आत काय झालंय ते बघायचं आणि तुकडा तोंडात टाकायचा. शंभरातला एक गेला तर काय बिघडतं? पण कपातला केक एकच. तो तोडला तर नवऱ्याला काय द्यायचं? म्हणून सलीमानं तो कधी खाऊन बघितलाच नाही. वास घ्यायची, बोटानं दाबून बघायची आणि पाठवून द्यायची. चाळीस वर्षांत न चाखता बाहेर गेलेला तो एकच पदार्थ.

महिनाभरानं इथंच रक्त तपासलं, तर आकडा दोनशे चाळीस.

सलीमा चक्रावली. दिवसभर दुसरं गोड काही तो खातच नव्हता, म्हणजे चूक केकातच. मग तिनं केकाच्या मागं लागायचं ठरवलं. गोडीची पूड निम्मी केली. गिरणीत दळलेल्या जवसात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू राहत असेल, म्हणून जवस घरी मिक्सरमध्ये दळायला लागली. कूटही घरचंच. मग लोणी कमी केलं. मग जवस दुप्पट केलं, कारण जवस शुगरला चांगलं असं कुणीतरी गल्ल्यावर सांगून गेलं. मग गोडीची पूड पार बंदच केली. रोज सगळी कामं आटोपून, साडेतीन वाजता, पायात गोळे आलेले असताना, ती एका कपासाठी पुन्हा भट्टीपुढं उभी राहायची. आणि रोज विचारायची, "आजचा कसा झाला?"

"झकास," निजाम म्हणायचा.

आठवडे गेले. आकडा हलेना. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं होतं, पण सलीमाला ते तेव्हा कळलेलं नव्हतं. तिला फक्त त्या तुटक्या कानाच्या कपाचा तिरस्कार वाटायला लागला होता. एकदा तो धुताना हातातून सुटावा असंही तिला वाटलं. सुटला नाही.

चार वाजता ओट्यावर निजाम एकटा नसे. तुळशीराम यायचा. ज्ञानगंगा नदीच्या काठाला त्याचा भाजीचा मळा. सकाळी वांगी, मेथी बाजारात विकून झाली, की दुपारी तो निजामशेजारी येऊन बसायचा आणि पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको सोजराबाई गेली तेव्हापासून त्याला घरी जायची घाईही नव्हती. दोघांची दोस्ती बेकरीइतकीच जुनी. सलीमाच्या घरी बोलणं उर्दूत चाले, पण तुळशीराम आला की सगळे वऱ्हाडीवर येत. चार वाजता खिडकीतून ट्रे बाहेर जायचा, त्यात निजामचा कप, त्याच्यासाठी कोरा चहा, आणि तुळशीरामसाठी भरपूर साखरेचा चहा नि एक क्रीमरोल. दारात आलेल्या माणसाचं तोंड गोड केलंच पाहिजे. तुळशीराम पाहुणा उरला नसला, तरी रीत ती रीत.

त्या दिवशी ट्रेमध्ये चमचा ठेवायचा राहिला. तौसिफ बाजारात गेलेला. सलीमा चमचा घेऊन स्वतःच बाकामागच्या दारानं ओट्याकडे आली.

दोघांची पाठ तिच्याकडे होती. निजामनं चमच्याची वाट न बघता कप पालथा करून केक तळहातावर काढला, चाचपून बरोबर मधोमध तोडला आणि अर्धा तुळशीरामपुढं धरला. तुळशीरामनं तो घेतला. मग त्यानं आपला क्रीमरोल तोडला, दोन्ही तुकडे नीट बघितले आणि मोठा तुकडा निजामच्या हातात दिला. मागोमाग साखरेचा अर्धा चहा बशीत ओतून तीही बशी त्याच्याकडे सरकवली.

चमचा सलीमाच्या हातातच राहिला. "हे कधीपासून चालू हाय?" तिनं विचारलं.

निजाम दचकला नाही. त्यानं तोंडातला घास सावकाश गिळला. बोलला तो तुळशीराम.

"भाबी, बेकरीच्या पहिल्या सालापासून. तवा एकच क्रीमरोल उरला व्हता, तो आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. तवापासून अख्खं कोनीच खात नाही."

"यायले साखर मना हाय. तुमाले ठाऊक नाही?"

"ठाऊक हाय ना. म्हनून तं मी रोज नाही म्हनतो. पन हा त्याच्या केकातला अर्धा माह्या हातावर ठेवते. तो घेऊन आपलं एकट्यानं कसं खावं, तुमीच सांगा. अन् मी नाही देल्ला तं हा त्याचाबी खात नाही, तसाच धरून बसते."

"मंग मोठा तुकडा काऊन देता?"

तुळशीरामनं मान खाली घातली. "त्याले दिसत नाही, भाबी. ज्याले दिसत नाही त्याले लहान तुकडा देनं बरं नाही वाटत."

सलीमा भांडायच्या तयारीनं आली होती. दोन महिन्यांचा राग साठलेला होता. पण तिची नजर त्या ट्रेवर गेली आणि राग तिथंच बसला. क्रीमरोल ट्रेमध्ये कोण ठेवत होतं? ती. चहात तीन चमचे साखर कोण घालत होतं? तीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गिरणीतला गहू शोधत बसली आणि विष रोज आपल्याच हातानं, त्याच ट्रेमध्ये, अदबीनं पाठवत राहिली. तिला रडावंसं वाटलं, पण रडायलाही जरा अंगात जोर लागतो. ती आत गेली आणि गल्ल्यावर बसली.

तुळशीरामला येऊ नको म्हणणं शक्य नव्हतं. दुपारभर निजामचे डोळे तोच होता. आणि या दोघांना वाटून खाऊ नका म्हणणं म्हणजे भट्टीला तापू नको म्हणण्यासारखं. म्हणून दुसऱ्या दिवशी सलीमानं दोन कप भरले. दोन अंडी, दुप्पट कूट, दुप्पट वेळ उभं राहणं. दोन कोरे चहा. ट्रे खिडकीत ठेवताना तिचा हात अडखळला. तिच्या घरातून कुणाला बिनसाखरेचा चहा गेला नव्हता. अगदी मयतीला आलेल्यांनासुद्धा नाही.

"भाऊ, बेइज्जती समजू नका," ती खिडकीतून म्हणाली.

"कायची बेइज्जती, भाबी," तुळशीराम म्हणाला आणि कप उचलला. दोघांनी आपापला केक मधोमध तोडला आणि अर्ध्याची अदलाबदल केली. एकसारखे दोन केक, तरी अदलाबदल. सलीमानं कपाळाला हात लावला.

पाच आठवड्यांनी खामगावला आकडा आला एकशे शहात्तर. डॉक्टरांनी तारीख दिली आणि त्या तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंही. पट्टी निघाली तेव्हा निजामला सगळं धुरकट दिसत होतं. आठवडाभर उजेड नको, धूळ नको, भट्टीचा धूर तर नकोच नको. दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब. ते घालायला सलीमा गल्ल्यावरून घरात आणि घरातून गल्ल्यावर अशी फिरत राहिली. निजाम अंधाऱ्या खोलीत पडून असायचा आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा.

आठव्या दिवशी चार वाजता काळा चष्मा लावून तो पहिल्यांदा ओट्यावर आला. तुळशीराम आधीच येऊन बसला होता. तौसिफ गावात गेलेला, म्हणून सलीमा स्वतःच ट्रे घेऊन बाहेर आली.

निजामनं कप हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुळश्या," तो म्हणाला, "हे असं दिसते काय? मी हे खाऊन राह्यलो इतके दिवस?"

"मले तं पयल्या दिवसापासून दिसून राह्यलं, बे," तुळशीराम म्हणाला. "मी बोललो काय?"

निजाम हसला. हसताना त्याची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. सलीमाच्या चपलेचे पट्टे पायात रुतले होते. घोटे दिसत नव्हते, इतके पाय सुजले होते.

"सलीमा, तुह्ये पाय कधी सुजले?"

"झाले चार-सहा महिने," ती म्हणाली. ट्रे घेऊन ती परत वळणार होती.

"बस."

"गल्ल्यावर कोनी नाही."

"बस म्हनतो ना." तो बाकावर सरकला. तुळशीरामही सरकला. सलीमा मधल्या जागेत बसली. त्या बाकावर ती कधी बसल्याचं तिला आठवत नव्हतं. निजामनं केक तळहातावर काढला, या वेळी न चाचपता बघून तोडला, आणि मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो तोंडात टाकला. जवसाचा कडवटपणा आधी जिभेवर आला, मग कोरडं कूट टाळूला चिकटलं. गोडी नावालाही नव्हती. घास पुढंही जाईना आणि मागंही येईना. चाळीस वर्षं बेकरी चालवलेल्या बाईनं जन्मात इतकं वाईट काही भाजलं नव्हतं. तिनं कोऱ्या चहाचा घोट घेऊन तो कसाबसा गिळला आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"हे तुमी रोज खात होते? मी रोज इचारत होती, कसा झाला. सांगतलं काऊन नाही?"

तुळशीराम रस्त्याकडे बघायला लागला. निजामनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"तू इचारत होती तवा तुह्या आवाजात लय थकवा राहे," तो म्हणाला. "खराब हाय म्हटलं असतं तं तू अजून एक डाव भट्टीपुढं उभी राह्यली असती."

 आत गल्ल्यावर कुणीतरी पाव मागत होतं, एकदा, मग दोनदा. सलीमा उठली नाही. हातावरचा उरलेला तुकडा तिनं चहाबरोबर हळूहळू संपवला. तिसऱ्या हाकेला तुळशीराम उठला आणि पाव द्यायला आत गेला.