पाथरवटाची दुसरी ओळ

आमच्या वस्तीच्या टोकाला दगडाच्या पाट्या कोरणारी एक बाई राहते. सगळे तिला टाकीवाली म्हणतात. टाकी म्हणजे दगड कोरायची छिन्नी. ती तिच्या हातात नसली तर कमरेला असते.

हे काम तिच्या सासऱ्याचं. एकुलता मुलगा गेला, त्याचा दगड म्हाताऱ्याने स्वतः कोरला आणि दुसऱ्या दिवशी टाकी सुनेच्या हातात दिली. दोघांना एकमेकांवाचून कुणी उरलं नव्हतं.

आमच्याकडे माणूस धडधाकट असतानाच आपल्या आठवणीचा दगड सांगून ठेवतो. पहिली ओळ ज्याची त्याने द्यायची. दुसरी पाथरवटाने जुळवायची, पण माणूस गेल्यावर. तोवर ते दगड शेडच्या भिंतीला टेकून उभे असतात, बोलता बोलता कुणी मध्येच थांबावं तसे. जिवंत माणसाच्या दगडावर टाकी वाजवली तर आवाज बद्द येतो. माणूस गेला की तोच दगड खणखणीत वाजतो. मी स्वतः ऐकलं आहे.

अक्षरं कोरायला सून लवकर शिकली. ओळ जुळवायला मात्र म्हाताऱ्याने तिला पहिलीतल्या पोरीसारखं बसवलं. शेवटची अक्षरं जुळली की यमक. एक वस्तू दुसरीसारखी म्हटली की उपमा. त्यातलं ‘सारखी’ गाळून ती वस्तू तीच आहे असं ठासून सांगितलं की रूपक. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास.

“मग मामंजी, तुमचा खोकला म्हणजे अनुप्रासच की,” ती म्हणाली. म्हातारा हसता हसता खोकला, आणि मग दोघंही हसत बसली.

एका दुपारी उपमा चालली होती. उदाहरण हवं म्हणून त्याने भिंतीला टेकलेला शिंपीणबाईंचा दगड दाखवला. शिंपीणबाई समोरच्याच गल्लीत राहायच्या, त्यांच्या मशीनची घरघर शेडपर्यंत यायची. त्यांची ओळ होती: सुईमागून दोरा तशी मी मुलांमागून धावले.

सुनेला दुसरी ओळ आपोआप सुचली. आनंदाने ती मोठ्याने म्हणून गेली: “दोरा सरला, गाठ बसली, सावलीत विसावले.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. दुसरी ओळ आधी कोरायची नाही, हे त्याने तिला सांगितलं होतं. उच्चारायचीही नाही, हे सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याच्या घरात ते न सांगता माहीत असायचं. समोरच्या गल्लीतली घरघर थांबली होती. तो उठला आणि त्याने दगडावर टाकी हलकेच टेकवली. दगड खणखणीत वाजला.

शिंपीणबाई मशीनवर डोकं टेकून बसलेल्या सापडल्या. सुई कापडात अर्धी रुतलेली होती.

त्यानंतर सून शेडमध्ये तोंड मिटून काम करू लागली. कारण त्या भिंतीला म्हाताऱ्याचाही दगड होता: जन्मभरी मी घाव घातले, आता टाकी निजू दे. ही ओळ रोज डोळ्यांसमोर. आणि शिकलेलं डोकं ऐकत नाही. भाकरी थापताना, पाणी भरताना ‘निजू दे’ला जुळणारा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसायचा. ती पाण्याच्या घोटाबरोबर तो गिळायची.

पुढे म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. जेवण सुटलं, बोलणं तुटक झालं, पण जीव अडकून राहिला. बोटं दगडासारखी राखाडी आणि गार झाली. डॉक्टर नाडी बघून निघून गेला. झोप नावालाही नव्हती. पाऊल उचलावं आणि ते जमिनीला टेकूच नये, तसं होतंय, असं तो म्हणायचा. त्याने सुनेकडे आपली दुसरी ओळ मागितली.

तिने मुद्दाम भलतीच सांगितली: “उजाडताच उठून, टाकी, पुन्हा कामाला लाग.”

“यमक कुठाय?”

“नाही जुळत, मामंजी.”

म्हातारा कसंनुसं हसला आणि डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहिला. तिला वाटलं, वाचवलं. पण त्या दिवसापासून शेडमधून बारीक टकटक येऊ लागली. ती जाऊन बघायची तर टाकी तिच्याच कमरेला, आणि म्हाताऱ्याच्या दगडाखाली ताजा चुरा पडलेला. दुसऱ्या ओळीच्या जागी काही उमटलेलं नसायचं. नुसतेच घाव, कोरी जागा खरवडून काढणारे.

एका सकाळी ती चुरा ओंजळीत घेऊन त्याच्या उशाशी बसली. त्याने चुरा पाहिला.

“टाकी निजते म्हणतात, ते काय असतं?” त्याने विचारलं.

“चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागायला लावायचं.”

“मग निजू दे की तिला, सूनबाई. किती जागवशील?”

तिने चुरा पदरात बांधला. त्याचा गार हात हातात घेतला आणि सावकाश म्हणाली, “कोरून झाले नाव माझे, पावसामधे भिजू दे.”

“जुळलं,” म्हातारा म्हणाला.

त्याच्या नाकाशी तिने हात धरला नाही. ती उठून शेडमध्ये गेली, कमरेची टाकी काढली आणि त्याच्या दगडावर टेकवली. तो आवाज मी माझ्या अंगणात उभा राहून ऐकला.