अप्पांचा खुबा आणि 'नाही'चा रकाना

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." म्हणूनच बीदरच्या एका खाजगी दवाखान्यात मिळालेलं काम माझ्या मापाचं निघालं. तिथे तेव्हा एक अभ्यास चालला होता. गुडघ्यात नाहीतर खुब्यात धातूचा सांधा बसवलेल्या पेशंटच्या जखमेत पू होतो का, आणि होतो तर तो येतो कुठून, हे शोधायचं होतं. मी बी.एस्सी. झालेली, मराठी, कानडी, उर्दू तिन्ही बोलणारी. त्यामुळे खाटेखाटेला फिरून माहिती विचारायची आणि कॉम्प्युटरात भरायची हे माझ्या गळ्यात पडलं. कोण हात धुतं, कोण नाही, यावरही माझी नजर असायची. मी वॉर्डात शिरले की सिस्टर एकमेकींना म्हणायच्या, "आल्या बघा सासूबाई." मला त्याचं काही वाटत नसे. सासूबाई आल्याशिवाय तिथे कोणी नळाकडे फिरकत नव्हतं.

त्याच वर्षी औषधांच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर आल्या. डॉक्टरांनी औषधाचं नाव टाकलं आणि ते त्या पेशंटला सोसत नसलं, तर पडद्यावर लाल ओळ यायची. पण त्यासाठी आधी कोणीतरी तसं भरून ठेवलेलं हवं. ते कोणीतरी म्हणजे मी. 'कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?' असा एक रकाना होता. मी विचारायची, लोक म्हणायचे "न्हाई", मी 'नाही' दाबायची आणि पुढच्या खाटेकडे पळायची.

आमचं गाव दुबलगुंडी. घरात पूर्वी मेंढरं होती. अप्पांच्या हातात थोडं कोरडवाहू रान आणि दुसऱ्यांच्या शेतावरची मजुरी उरली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या साली अप्पा हुमनाबादला बसमधून उतरताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. चुलते म्हणाले, हैदराबादला नेऊ. मी हट्टाने माझ्याच दवाखान्यात आणलं. माझ्या नजरेखाली राहतील, हात धुतल्याशिवाय त्यांना कोणी शिवणार नाही, असा मला गर्व होता.

अप्पांचा फॉर्म मी बीदरातल्याच मैलूर भागातल्या माझ्या खोलीवरून येतानाच मनात भरून टाकला होता. बापाला काय विचारायचं? वय, बिडी, साखर, सगळं तोंडपाठ. अ‍ॅलर्जीच्या रकान्यापाशी मी थांबलेसुद्धा नाही. 'नाही' दाबलं.

ऑपरेशन चांगलं झालं. खुब्यात धातूचा चकचकीत गोळा बसला. पाचव्या दिवशी सकाळी अप्पांचं अंग तापलं. पट्टी काढली तर टाक्यांची कड लाल, आणि एका टोकाला ओल. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखम आजच धुवायची. पू आत गोळ्यापर्यंत पोचला तर सांधा काढावा लागेल." सांधा काढलेल्या माणसांचे फॉर्म मीच भरत होते. त्यांतलं कोणी पुन्हा आपल्या पायांवर रानात गेलं होतं असं मला आठवेना.

माझं डोकं फिरलं. पट्टी बदलणाऱ्या सिस्टरला मी चार लोकांत झापलं. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, पाणी कधी बदललं? चुलत्यांनी अप्पांच्या कपाळाला आमच्या कुळदैवताचा, मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा लावला होता, त्यांना तर मी वॉर्डाबाहेरच काढलं. "देवाचा भंडारा हाय, त्यानं काय व्हतंय?" ते म्हणत राहिले. खाट ते जिना, जिना ते खाट, माझ्या किती फेऱ्या झाल्या असतील कोण जाणे. दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर इंजेक्शन लिहिलं, पेनिसिलिनच्या घराण्यातलं. लाल ओळ आली नाही. सिस्टर बाटली घेऊन आली, सलाईनच्या नळीकडे हात नेला. अप्पा तापात 'माय, माय' अशी मला हाक मारत पुटपुटत होते. मी वाकून ऐकलं.

"यंदा बी मैलारची जत्रा चुकली, माय. मल्लण्णा मागल्यावानी त्वांड सुजिवतो का काय."

मी सिस्टरचं मनगट धरलं. हात न धुता धरलं. "थांबा!" मी एवढ्या जोराने ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

ती गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या भावकीत प्रत्येक लग्नात ती सांगितली जायची आणि मीच ती सगळ्यांत रंगवून सांगायची. मी तान्ही असताना अप्पांच्या पायात काटा मोडून पू झाला. जत्रा तोंडावर होती. देवाला न जाता अप्पा हुमनाबादला सुई टोचून घ्यायला गेले. सुई टोचली आणि घटकाभरात डोळे, ओठ सुजून बंद झाले, श्वास घरघरायला लागला. सगळे म्हणाले, मल्लण्णा कोपला. आईने तिथेच पदर पसरून नवस बोलला, हा माणूस वाचू दे, आम्ही दोघं जन्मभर पायात चप्पल घालणार नाही. सूज उतरली, आणि दोघांनी नवस पाळला. वॉर्डात शेकडो लोकांना अ‍ॅलर्जी विचारणाऱ्या मला त्या गोष्टीत देव दिसला, आई दिसली, सुई कधी दिसलीच नाही. आणि अप्पांचा फॉर्म भरताना तर मी विचारलंही नव्हतं.

"त्या काळी पू झाला की सुई पेनिसिलिनचीच असायची," असं म्हणत डॉक्टरांनी औषध बदललं. रकान्यातलं 'नाही' काढून मी 'पेनिसिलिन' भरलं. झापलेल्या सिस्टरची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सासूबाई," आणि मला जास्तच लाज वाटली.

जखम धुतली. चार दिवसांनी ताप उतरला, सांधा वाचला. घरी सोडायच्या दिवशी मी अप्पांच्या उशाशी बसले आणि बजावलं, कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी सांगायचं, तोंड सुजवणारी ती पेनिसिलिनची सुई मला सोसत नाही.

"म्हंजी त्या टायमाला सुईनंच सुजलं व्हतं?"

"व्हय अप्पा."

"देव कोपला न्हवता?"

मला गोड काही बोलता आलं असतं. मी बोलले नाही. "न्हाई. सुईच."

अप्पांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुजी माय बी मरंस्तवर अनवाणी चालली. उन्हाळ्यात तिच्या तळव्याला फोड यायचे. चप्पल घालते म्हनली एकदा, तर म्या तिच्यावर हात उगारला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला.

"आता तिला कोन सांगावं, माय?"