आप्पांचे कान आणि लेकीचा अ‍ॅम्प्लिफायर

आप्पा मयेकर एका जागी बसतील तर शपथ. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. घरी आला तरी कुठे काय कुरकुरतंय ते शोधत हिंडणार. यंदा जूनमध्ये तर त्यांच्या जिवाला घोरच लागला. हॉलमधल्या स्पीकरवर सनई लावली की ती कानात टोचायची.

स्पीकर त्यांनी नोकरीत असताना सिंगापूरहून आणलेले, कुणाला हात लावू न दिलेले. अ‍ॅम्प्लिफायर मात्र नवा. लेक मृणाली मे महिन्यात मुंबईहून येताना घेऊन आली होती. खोलीत आवाज कसा घुमतो ते हे यंत्र छोट्या माइकने मोजायचं आणि त्याप्रमाणे सुधारून द्यायचं. आप्पांच्या खुर्चीत माइक ठेवून तिने मोजणी केली. मग सनई लागली, आणि आप्पा आयुष्यात पहिल्यांदाच चूक न काढता ऐकत बसले.

महिनाभरात सगळं बिनसलं.

"मशीन आवाज खातंय," ते दिवसातून दहादा सांगायचे. "चांगल्या आवाजाचे आकडे करायचे आणि पुन्हा आवाज म्हणून आपल्या माथी मारायचे. काय उरणार त्यात?" सुधारणा चालू करायचे, बंद करायचे, खुर्ची सरकवायचे, उठायचे. खरी भीती वेगळीच होती, ती त्यांनी बायकोला, दमयंतीबाईंनाही, सांगितली नव्हती. इंजिनरूममधल्या गोंगाटात कान झाकायला दिलेले मफ त्यांनी कानांवर कमी आणि गळ्यात जास्त वागवले होते. मशीन बरोबर असलं आणि आपलेच कान गेले असले तर?

जूनअखेर मृणाली आली. सनई ऐकून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "टोचतंय खरं, आप्पा."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. "बघ गो! फोनवर मला वेड्यात काढत होतीस. मशीन आवाज बिघडवतं."

"बिघडवत नाही. जशी खोली मोजली, तसा आवाज देतं."

"पण तू मोजलंस तेव्हा हॉलात अढी होती ना गो?" चहा घेऊन आलेल्या दमयंतीबाई म्हणाल्या.

बापलेकीने एकदमच रिकाम्या हॉलभर नजर फिरवली. मे महिन्यात अर्धा हॉल भाताच्या पेंढ्याने भरला होता, त्यात आंबे पिकायला घातलेले. पेंढा वरचे सूर शोषून घेतोय म्हणून मशीनने ते वाढवून ठेवले. आंबे संपले, पेंढा गोठ्यात गेला, आणि आता तेच वाढवलेले सूर उघड्या लादीवर नि भिंतींवर आपटत होते.

म्हणजे कान शाबूत होते. आप्पा एकदम खुशीत आले. "मोज परत," म्हणत त्यांनी स्वतःच पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. मृणालीने माइक खुर्चीत ठेवला आणि आप्पा बायकोशेजारी बाकावर बसले.

स्पीकरमधून मोजणीचा सूर निघाला. खर्जातून सावकाश वर चढत गेला, शिट्टीसारखा बारीक झाला आणि थांबला. आप्पा माइक उचलायला उठले.

मृणालीने घाईने ओठांवर बोट ठेवलं. दमयंतीबाईंनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. दोघींच्या नजरा स्पीकरवर होत्या.

खोलीत त्यांच्यासाठी काहीच वाजत नव्हतं. सूर कधी संपतो ते कळावं म्हणून ते दोघींच्या तोंडाकडे बघत बसले.